ओळखीची खूण

आमच्या घरात जी गोष्ट सगळ्यांना दिसते ती तोंडानं बोलायची नाही, असा रिवाज होता. तो कुणी घालून दिला ते मला माहीत नाही, पण कुणी मोडलेला कधी पाहिला नव्हता. नानांचा सदरा पाठीवर हातभर फाटला असला तर आई एवढंच म्हणायची, "दुसरा घाला, तो धुवायचाय." शेजारच्या काकूंनी केसांना कलप लावला आणि तो घामानं कपाळावर ओघळला, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या पायांकडे बघून बोलत होतो. नुसतं आमचं घरच नव्हे, अख्खी आळीच पायांकडे बघून बोलणारी. पाहुण्याच्या मिशीला जेवताना पिठलं लागलं तर आई त्याला पाण्याचा तांब्या नेऊन द्यायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर आणखी एक तांब्या. एकदा एक पाहुणा पाच तांबे पाणी पिऊन, मिशी तशीच पिवळी घेऊन दौंडच्या गाडीत बसला. त्याच्या बायकोनं घरी काय म्हटलं असेल ते असो, आमच्याकडून तो अब्रूनिशी गेला.

नाना म्हणजे माझे वडील. बारामतीच्या मार्केट यार्डात ते मापाडी होते. शेतकऱ्यानं आणलेला गूळ काट्यावर चढायचा आणि नाना खड्या आवाजात मोजायचे. मापाडी माणूस 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन अशी त्यांची आरोळी यार्डाच्या भिंतीवरून आमच्या परसात यायची, आणि ती थांबली की आई चुलीवर तवा ठेवायची; घड्याळ आमच्याकडे भिंतीवर होतं, पण ते शोभेला. नानांच्या टोपीला, सदऱ्याला, अंथरुणालासुद्धा गुळाचा वास असायचा आणि त्यांच्या मागून मुंग्या चालत घरी यायच्या, असं आई म्हणायची. गुळाची ढेप नुसती पाहून ती कुठल्या गावची, पाक उतरवायला किती उशीर झाला, हे त्यांना कळायचं. पण शेतकऱ्यासमोर चकार शब्द काढायचे नाहीत. "काळा पडलाय त्यो त्येला दिसत न्हाय व्हय? त्येचाच गूळ हाय. आपुन कशाला सांगायचं?" त्यांच्या वडिलांच्या काळात तर सौदासुद्धा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि वर चेहरे असे की पाऊसपाण्याच्या गप्पा चालल्यात. ती पद्धत बंद झाल्याचं नानांना फार वाईट वाटायचं.

आमच्या घरातही एक गोष्ट अशीच रुमालाखाली होती. माझी थोरली बहीण, अक्का. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून दोन बोटांपर्यंत पांढरा डाग होता. कोड. हा शब्द मी आज सरळ लिहिते आहे, पण घरात तो कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. आई त्याला 'ते' म्हणायची. "ते वाढलंय का गं?" "त्येला तेल लावलंस?" ते दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, पण डॉक्टर काही आमच्या आळीत राहायला नव्हते. शाळेत फुगडीला अक्काचा हात धरायला कुणी मुलगी पुढं येईना, तेव्हा सातवीनंतर तिनं शाळाच सोडली. तो हात पदराखाली ठेवायची तिला इतकी सवय झाली होती की पाहुण्यांसमोर ती एका हातानं डब्याचं घट्ट झाकण उघडायची, पाण्यानं भरलेली कळशी उचलायची, पदराला गाठसुद्धा मारायची. घरात आम्हीच असलो की तेवढा तो हात बाहेर यायचा.

मी दहावी झाले आणि नानांनी मला टायपिंगला घातलं. बांगड्यांच्या दुकानावर लाकडी जिना चढून गेलं की तांबोळी सरांची इन्स्टिट्यूट होती. सात यंत्रं, त्यातली पाच चालू. खाली बांगड्या भरणाऱ्या बायकांचा किणकिणाट आणि वर आमचा खडखडाट; बांगडी फुटली की दुकानदार वर बघून आम्हाला शिव्या द्यायचा. सर उभा जन्म कोर्टात टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी इन्स्टिट्यूट काढली ती पोरांना टायपिंग शिकवायला, पण त्यांचा जीव खरा अडकला होता साहेबी इंग्रजीत. आणि त्यातही उघड दिसणाऱ्या गोष्टींचं वर्णन हा त्यांचा खास प्रांत. "'दिसतंय' असं साहेब कधी म्हणत नाही," ते सांगायचे. "दिसतं ते तुम्हाआम्हाला. साहेबाला अपॅरंट होतं."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, टेबलावर मांजर बसलेलं दिसलं तर काय लिहाल? मी म्हटलं, कॅट इज ऑन द टेबल. सरांनी डोळे मिटले. "हे मांजरानं स्वतः लिहिलं असतं तर चाललं असतं," ते म्हणाले, आणि फळ्यावर लिहिलं, 'द प्रेझेन्स ऑफ अ कॅट अपॉन द टेबल इज क्लिअरली डिसर्निबल.' "आता बघा. मांजरालासुद्धा आपण कुणीतरी आहोत असं वाटेल." या शब्दांची त्यांनी उतरंड लावून दिली होती. नोटिसेबल सगळ्यात खाली, तो शिपायानं वापरावा. अपॅरंट कारकुनाचा, एव्हिडंट हेडक्लार्कचा. गर्दीत उठून दिसतं ते कॉन्स्पिक्युअस. मॅनिफेस्ट हा शब्द जज्जानं नाहीतर देवानं. ग्लेअरिंग म्हणायचं ते फक्त दुसऱ्याच्या चुकीला. आपली चूक कितीही मोठी असली तरी ती जेमतेम परसेप्टिबल. असे एकूण अकरा शब्द होते. मी ते वहीत उतरवून घेतले आणि मला शिंगं फुटली.

जिथं दिसणारी गोष्ट बोलायची बंदी, त्या घरात मी दिसणाऱ्या गोष्टीसाठी अकरा शब्द घेऊन आले होते. आजच्या भाजीत मिठाचा अभाव एव्हिडंट आहे, असं मी आईला सांगितलं. "आसंल तर घे वरनं," आई म्हणाली. नानांचं पोट कॉन्स्पिक्युअस होत चाललंय असं मी म्हटलं, तर नानांना ते कौतुकच वाटलं आणि त्यांनी यार्डात चार लोकांना सांगितलं. माझं सगळं ऐकून घ्यायची ती अक्का. दोन वर्षं रोज दुपारी मी परसात येरझारा घालत वाक्यं पाठ म्हणायचे आणि ती पायरीवर बसून उजव्या हातानं शेंगदाणे निवडायची. डाव्या हातात, त्याच हातात, माझी वही धरलेली. मी अडले की "हं, पुढं?" म्हणायची. चुकले की "आगं, परत म्हण," म्हणायची, आणि मी परत म्हणायचे. माझ्यासारखी पंडिता त्या काळात बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरी नसावी, अशी माझी समजूत होती. आज तो फोटो पाहते, दोन वेण्या आणि छातीशी धरलेली टायपिंगची वही, तर त्या पोरीला एक टपली मारावीशी वाटते.

अक्काला तोपर्यंत चार स्थळं येऊन गेली होती. चौघांनाही बघता बघता कधीतरी हात दिसला होता, आणि चौघांनीही तोंडानं काही न बोलता पत्रिका जुळत नसल्याचा निरोप धाडला होता. अक्का चोविशीला आली होती. आईनं उपास वाढवले होते आणि नानांची आरोळी थोडी बसली होती. मग इंदापूरहून पाचवं स्थळ आलं. मुलगा शहाजी, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. वडील नाहीत, सगळा कारभार मामांकडे.

चार वाजता यायचं म्हणून सांगितलेली ही मंडळी तीनलाच येऊन बसली. आई न्हाणीत होती, नाना यार्डातून यायचे होते, मी तव्यावर रवा भाजत होते. सोप्यात येऊन बघते तो मामा, मुलाची आई आणि मुलगा भिंतीला टेकून असे बसलेले की जसे कालपासूनच आहेत. आईचा सगळा बेत फसला. अक्काला भिंतीच्या बाजूला बसवायचं ठरलं होतं, ती जागा मामांनीच धरली. शेवटी ट्रे आईनं धरला आणि अक्कानं उजव्या हातानं एकेक कप उचलून दिला. गुळाचा शिरा चांगला झाला होता. मुलगा शिरा खायचा आणि अधूनमधून अक्काकडे बघायचा, पण जागेवरून हलला नाही. हात धुवायला सगळे उठले तर मामा म्हणाले, "त्येला हितंच पानी द्या, दमलाय जरा." निघताना मामांना एकाएकी आमच्या परसातला शेवगा बघायची हौस आली. आम्हा सगळ्यांना त्यांनी मागं नेलं, शेवग्याच्या शेंगांची लांबी विचारली, आणि परत येऊन बघतो तर मुलगा जीपमध्ये बसलेला. मी मात्र जाता जाता दारातल्या चपलांकडे नजर टाकली होती. त्याच्या एका बुटाचा तळ दुसऱ्यापेक्षा तीन बोटं जाड होता.

नानांना दिसलं नसेल असं मी मानतच नाही. ढेपेच्या रंगावरून गाव ओळखणारा तो माणूस. पण ते गेल्यावर आई म्हणाली, "मुलगा बसलेला तरी बरा दिसतोय." नाना म्हणाले, "व्हय. बैठक चांगली हाय." विषय तिथं संपला. त्यांनी आपलं झाकलं, आम्ही आमचं झाकलं, आणि दोन्हीकडच्यांना सगळं दिसलं.

चार दिवसांनी मामांचा निरोप आला. बाकी ठीक वाटतंय, पण मुलीचा बायोडाटा इंग्रजीत टाईप करून पाठवा, मुलाच्या साहेबांना दाखवायचाय. नाना ती चिठ्ठी घेऊन घरी आले तेव्हा त्यांची छाती सदऱ्यात मावत नव्हती. "दुसऱ्याकडं कशाला जायाचं? आपल्या घरातच हाय की विंग्रजी." आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळीच इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तांबोळी सर नेमके भाचीच्या लग्नाला दौंडला गेले होते. किल्ली खाली बांगडीवाल्याकडे होती. लग्नाचा बायोडाटा कसा असतो ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. सरांच्या फायलीत नमुना एकच होता, सरकारी नोकरीच्या अर्जाचा. नाव, जन्म, उंची, शिक्षण सगळं त्यात होतं, मग आणखी काय पाहिजे? मी तोच पुढं ठेवला आणि रकान्यामागून रकाना उतरवत गेले. उंचीच्या खाली रकाना होता, शरीरावरील ओळखीची खूण.

नमुन्यात तिथं हनुवटीवरच्या तिळाबद्दल तीन शब्द होते. मला ते फारच दरिद्री वाटले. मी जरा विचार केला, बोटं मोडली आणि टाईप केलं, 'अ कॉन्स्पिक्युअस व्हाइट पॅच अपॉन द लेफ्ट हँड, रेडिली अपॅरंट टू द मोस्ट कॅज्युअल ऑब्झर्व्हर.' म्हणजे डाव्या हातावर ठळक पांढरा डाग असून सहज नजर टाकणाऱ्यासही तो तत्काळ दिसून येतो. अकरापैकी दोन शब्द एका वाक्यात बसले होते आणि एकही खाडाखोड नव्हती. खरं सांगते, ते वाक्य लिहिताना मला अक्का आठवलीच नाही. कार्बन घालून मी तीन प्रती काढल्या.

घरी त्या कागदाचं स्वागत झालं. नानांनी हात धुऊन तो हातात घेतला. आईनं कोपऱ्याला कुंकू लावलं. मग अक्का म्हणाली, "बघू," आणि तिनं कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. टायपिंगची सफाई बघते आहे असं मला वाटलं.

"आसंच पाठवायचं?" तिनं विचारलं.

"मग? एक चूक काढून दाखव."

"चूक न्हाय," अक्का म्हणाली आणि कागद नानांच्या हातात दिला. "पाठवा, नाना."

एक प्रत इंदापूरच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर गेली. दुसरी आईनं देवाजवळ ठेवली. तिसरी घेऊन नाना यार्डात गेले, कारण लेकीनं केलेलं काम चार लोकांना दाखवल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागली नसती. ज्या अडत्याकडे ते मापाडी होते त्याचा मुलगा कॉलेज शिकलेला. त्याच्या हातात कागद देऊन नाना म्हणाले, "वाच, मोठ्यांदा वाच." तो एका ठिकाणी थांबला, तर नाना म्हणाले, "थांबतूस कशापायी? फुडं वाच की." त्यानं वाचलं. हमाल, शेतकरी, गाडीवान सगळे आरतीला उभं राहावं तसे उभे राहून ऐकत होते. संपल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "झ्याक हाय, पर म्हंजी काय?" तेव्हा त्या मुलानं नानांना बाजूला घेतलं.

त्या दिवशी आरोळी सकाळी दहालाच थांबली. "आज लौकर कसं काय?" म्हणत आईनं तवा ठेवला. नाना दारात येऊन उभे राहिले, टोपी हातात.

"सुमे, त्या कागदात ते लिवलंस?"

"तसा रकाना होता, नाना."

मग आईला समजलं. तिनं हातातली उलथणी माझ्यावर उगारली आणि पुन्हा तव्यावर ठेवली. "आख्खं जग झाकायला धडपडतंय, आन ही टाईप करून वाटती! कार्बन घालून!" नाना खाली बसले. "तीस वर्सं झाली," ते म्हणाले, "ढेप काळी हाय असं कुणाच्या तोंडावर म्हनालो न्हाय मी. आन तू माझ्याच घरची..." तेवढ्यात आपण कशाची तुलना कशाशी केली ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी अक्काकडे पाहिलं आणि बोलायचे थांबले. अक्का शांतपणे भाकरी थापत होती. "जेवा आदी," ती म्हणाली. पाचव्या स्थळाशी ठरत आलेलं तिचं लग्न मी एका वाक्याच्या हौसेपायी मोडलं, हे मला तेव्हा कळलं, आणि मी परसात शेवग्यामागं जाऊन पोटभर रडले.

सर दौंडहून आले तशी मी धावत गेले. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं. "वाक्य निर्दोष आहे," ते म्हणाले. "हीच तर पंचाईत. चूक असती तर दुरुस्त करता आली असती." मग बराच वेळ त्यांनी खिडकीतून खाली बांगड्या भरणाऱ्या बायका पाहिल्या. "पोरी, दिसलेलं कसं लिहावं हे मी तुला शिकवलं. केव्हा लिहावं हे शिकवायचं राहून गेलं. माझंच चुकलं." त्यांनी स्वतः यंत्रावर बसून खुलाशाचं एक पत्र तयार केलं, सदर डाग हा जेमतेम परसेप्टिबल असल्याचं. मी ते मोठ्या आशेनं घरी आणलं. अक्कानं ते घडी करून चुलीत सारलं. "एक कागद गेला तेवढा बास झाला."

आठ दिवस इंदापूरहून काही नाही. आई माझ्या ताटात न बोलता भाकरी टाकायची. आमच्यात अबोला असला तरी भाकरी दोन असायच्या, हे मात्र सांगितलं पाहिजे. नवव्या दिवशी कंडक्टरनं निरोप आणला, बाजारच्या दिवशी चारला येतो. आई म्हणाली, तोंडावर नाही म्हणायला एवढं लांब येतायत, भली माणसं आहेत.

त्या दिवशी आम्ही तीनपासूनच आवरून बसलो होतो, मागल्या अनुभवावरून शहाणे होऊन. ते साडेचारला आले. जीप आळीच्या तोंडाशी थांबली. शहाजी खाली उतरला, ड्रायव्हरला हातानं थांबवलं आणि चालायला लागला. एक पाय आखूड. पावलागणिक उजवा खांदा खाली जायचा आणि वर यायचा. बाजारचा दिवस, दारादारांत माणसं. पायांकडे बघून बोलायची सवय असलेल्या आमच्या आळीला त्या दिवशी बघायला जागाच उरली नाही. मामा मागून पळत होते. "आरं, गाडी दारापत्तुर जाती की!"

"जाऊ द्या मामा," तो मागं न बघता म्हणाला. "समद्यांना दिसतंयच न्हवं? मग बसून किती दिस दावायचं?"

सोप्यात आल्यावरही तो बसेना. नानांनी तीनदा म्हटल्यावर बसला. आई ट्रे घ्यायला आत वळली, तर ट्रे अक्कानं आधीच उचललेला होता. दोन्ही हातांनी. हात झाकायला घातलेल्या पोलक्याच्या लांब बाह्या तिनं कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. आईनं दाराची चौकट धरली. अक्का सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि शहाजीसमोर वाकली. त्यानं कप घेतला, तिच्या हाताकडे नीट, न चोरता बघितलं, मग तोंडाकडे बघितलं, आणि कप खाली ठेवून खिशातून तो कागद काढला.

"हे कुणी लिवलंय?"

मी दाराआडून पुढं आले. "मी."

"आमच्या सायबांनी वाचलं. म्हनले, कालवा फुटला तर असा रिपोर्ट लिवनारा मानूस आपल्या हापिसात न्हाय."

मामा मोठ्यांदा हसले. त्यांना कशावर तरी हसायचं होतंच. मी हात जोडले आणि एका दमात म्हटलं की ते लिहायचं नव्हतं, माझ्या हातून चूक झाली, अक्काचा त्यात काही दोष नाही.

"चूक न्हाय झाली," अक्का म्हणाली. "तिनं लिवलं. पाठवलं म्या. वाचून पाठवलं."

"वाचून?" नाना म्हणाले. "तुला कुठं येतंय विंग्रजी?"

अक्कानं ट्रे खाली ठेवला, सरळ उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "रेडिली अपॅरंट, टू द मोस्ट कॅज्युअल ऑब्झर्व्हर." सर जिथं दम घ्यायला शिकवायचे तिथंच तिनं दम घेतला. मग ती नानांकडे वळली. "चार जनांनी चोरून बघितलं, नाना. म्हटलं, एकाला तरी सांगून बघावं."

आईचे डोळे वाहत होते आणि ती पदरानं ट्रे पुसत होती. शेवटी शहाजीच म्हणाला, "माजं व्हय हाय. तुमी त्यास्नी इचारा." अक्कानं होकाराची मान हलवली. नाना तोंड उघडं टाकून बसले होते. मोजायची उभ्या जन्माची सवय, त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "लाभ."

पाहुणे गेल्यावर मी आणि अक्का परसात कपबशा विसळत बसलो. "तू कधी शिकलीस गं?" मी विचारलं.

"आक्षरं शाळंतच येत हुती. बाकी, दोन वर्सं वही कुणाच्या हातात हुती?" ती म्हणाली आणि हसली. "आन चुकलीस म्हंजी कोन सांगत हुतं तुला?"

वही तिच्या डाव्या हातात असायची. रोज, माझ्या डोळ्यांसमोर. त्या हातावरचा डाग मला दिसत होता, तो इंग्रजीत कसा सजवायचा हेही येत होतं, पण त्या हातात एक वही आहे आणि वहीच्या मागं वाचणारी बाई आहे, हे मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. मला फार लाज वाटली. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही वाटते आहे. लग्नात तांबोळी सरांनी आहेर आणला, इंग्रजी-मराठी शब्दकोश. तो मला नसून अक्कासाठी आहे हे कळल्यावर मी दोन दिवस रुसले होते. तेही लिहून ठेवते, कारण मी काही एका दिवसात सुधारले नाही.

गेल्या महिन्यात अक्का मोतीबिंदूसाठी माझ्याकडे बारामतीला आली होती. दाजी गुडघ्यांमुळं आता प्रवास करत नाहीत. तिचा नातू लोणी देवकरच्या कारखान्यातून सुट्टी काढून तिला सोडून गेला. दवाखान्याच्या खिडकीत फॉर्म भरणारी एक तरतरीत मुलगी होती. नाव झालं, वय झालं, आणि तिनं विचारलं, "आजी, शरीरावरची ओळखीची खूण?" अक्काचं ते कोड आता दोन्ही हातांवर, मानेवर, तोंडावर सगळीकडे पसरून एकसारखं झालं आहे, उठून दिसावा असा डाग आता उरलाच नाही. मुलगी अवघडून आपल्या पेनाकडे बघायला लागली, अगदी आमच्या आळीतली शोभली असती. मी सवयीनं पुढं सरसावले. अक्कानं माझा दंड दाबला.

"लिही," ती त्या मुलीला म्हणाली, "संगं धाकटी भन हाय. लांबनं ऐकू येती."

मुलगी खुदकन हसली आणि तिनं कागद सहीसाठी पुढं सरकवला. सही करायच्या आधी अक्का तो कागद वाचायला लागली. दोन्ही हातांत धरून, मोतीबिंदूमुळं अगदी नाकाजवळ नेऊन, वरच्या ओळीपासून. मागं रांग खोळंबली, कुणीतरी चुकचुकलं, कुणीतरी "आजी, लवकर," म्हणालं. मी वळले आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "जरा थांबा. अक्का वाचतेय."